दसऱ्याच्या टेपा

सकपाळ, हॉस्पिटलच्या शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुम्हाला शांत, मितभाषी आणि मनमिळाऊ करून टाकलं. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मितभाषी! तुमची चप्पल वाजली की लेखा विभागातली माणसं चहाचे कप उचलून दुसऱ्या खोलीत जायची, कारण तुम्ही वादाला बसलात की चहा निवायचा, वाद निवत नसे. अधीक्षक म्हणाले, "सकपाळांनी कधी कुणाचं मन दुखावलं नाही." माझं तर तुम्ही दर आठवड्याला दुखवायचात आणि मीही तुम्हाला काही कमी ऐकवत नसे. इतकी वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर बसून आपण भांडलो, आणि आता फोटोला हार घालून लोक तुमचा स्वभावच बदलायला निघाले, याचा मला राग आला. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, साळवीबाईंना भरून आलंय. ते होतंच, पण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरीच गोष्ट होती. वनिताबाईंची टेप, हॉस्पिटलच्या जुन्या नोंदींची, वाचायची राहिली होती. ती आपण दोघांनी हातात घेतली आणि तुम्ही मधेच निघून गेलात. तुमच्याशिवाय मला ती वाचता येईल की नाही, ठाऊक नव्हतं. आणि त्या टेपेवर एका बाईची मुलगी होती, जिला आईनं कधीच पाहिलं नव्हतं. असलं काही शोकसभेत कसं सांगणार? म्हणून इथे सांगतेय, तुम्हालाच.

वनिताबाई आल्या तो दिवस तुम्हाला आठवत असेल. दिवाळी नुकतीच झाली होती. रेकॉर्डच्या खिडकीशी एक बाई आली, संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीतली. सकाळची पहिली एस.टी. धरून आलेली. पिशवीतून प्लास्टिकची घडी काढली, घडीतून एक गुळगुळीत कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"बाय, ह्यात माजी पोर हाय," ती म्हणाली.

मी कागद उलटसुलट करून पाहिला. दोन्ही बाजूंनी पांढरा. मागे कुणीतरी पेनानं लिहिलेला केस नंबर तेवढा शाबूत होता. माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे सोनोग्राफीचं नवं मशिन आलं तेव्हा ते तसल्या चकचकीत कागदावर चित्र काढून द्यायचं, आणि तो कागद वर्षं गेली की आपोआप कोरा होतो. एस.टी.च्या मशिनमधलं तिकीट खिशात राहून होतं, तसाच.

बाईंचं ते पहिलं बाळंतपण. आठवा महिना. गणपती तोंडावर आलेले, नवरा मुंबईला हॉटेलात कामाला, चतुर्थीला येणार होता. आपल्याकडे सोनोग्राफी झाली, सगळं ठीक म्हणाले, आणि थोड्याच दिवसांत पोटातली हालचाल थांबली. आपल्याच हॉस्पिटलात सुटका झाली. बाळ गेलेलं होतं. "मी सुदीवर आलंव तवा सगला आवरून झाला हुता," बाई म्हणाल्या. "सासूनं बगू दिलान नाय. बगितलंस तर पुढली ऱ्हायाची नाय, बोलली. पोर हुती येवडा मातर नर्सनं सांगितलान." मग राहिला तो हा कागद. ट्रंकेत लग्नाच्या साडीखाली ठेवलेला. त्यानंतर झालेली मुलगी आता पोटुशी आहे. तिच्या सोनोग्राफीचं चित्र जावयाच्या मोबाइलवर येतं, घरातली सगळी बघतात. ते बघून बाईंना आपल्या ट्रंकेची आठवण झाली. लेकीला तिची थोरली बहीण दाखवावी म्हणून कागद काढला, तर कागदावर काहीच नाही.

मी त्यांना सांगितलं की इतक्या जुन्या नोंदी आम्ही ठेवत नाही, मुदत कधीच संपली. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. "बगा तरी," एवढंच म्हणाल्या आणि समोरच्या बाकावर जाऊन बसल्या. आपल्याकडच्या बायका हॉस्पिटलात बसतात तशा, दिवस गेला तरी चालेल अशा.

मग मी तुमच्याकडे आले; सर्व्हर आणि त्याच्या टेपा तुमच्या ताब्यात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मुदत संपली. विषय संपला."

तुमच्या तोंडून 'मुदत' हा शब्द मी पहिल्या दिवसापासून ऐकत आले. मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला टेपा दाखवल्या होत्या, हाताच्या पंजात मावतील अशा चौकोनी डब्या, ओळीनं मांडलेल्या. सर्व्हरवर दिवसभर जे जे पडतं त्याची नक्कल रोज टेपेवर उतरते, आठवड्याला सगळ्याची मिळून एक मोठी नक्कल, आणि टेपा फिरत राहतात. जुनीवर नवं लिहिलं जातं. मी विचारलं, मुदत संपली की काय होतं? तुम्ही म्हणालात, "यादीतनं नाव जातं. टेपेवरचं काही पुसलं जात नाही ओ. मुंबईला गेलेल्या माणसाचं गावच्या रेशनकार्डावरनं नाव कमी होतं ना, तसं. माणूस असतो, पण दुकानदाराच्या लेखी तो नसतो." आणि मग गंभीर होऊन म्हणालात, "धोका तिथंच आहे. सॉफ्टवेअरला ती टेप कोरी वाटते. मशिनमध्ये घातलीत तर खुशाल तिच्यावर दुसरं काहीतरी लिहून मोकळं होईल." म्हणून मुदत संपलेली टेप फार दिवस पडू द्यायची नाही, चुंबकाच्या यंत्रात घालून कायमची पुसायची, हा तुमचा नेम. त्यात तुम्ही कधी कसूर केली नाहीत.

मला तो नेम पटला नाही. नोंद ठेवणं हे माझं कामच. कोण कधी काय विचारत येईल, सांगता येतं का? तुम्ही म्हणायचात, लोक आपल्याकडे आजार घेऊन येतात, आपली आतली गोष्ट विश्वासानं सांगतात, ती आपण कामापुरती ठेवायची. काम संपल्यावरही ठेवली तर तो साठा झाला, काळजी नव्हे. यावरून आपण किती भांडलो! एकदा भाट्याच्या पुलावर तुमची स्कूटर बंद पडली, मी मागून येत होते म्हणून थांबले, तर मेकॅनिक येईपर्यंत तिथेही आपण हेच भांडलो. खाडीवरचा वारा तोंडात जात होता आणि तुम्ही वाऱ्याच्या वर आवाज काढून मला सांगत होतात की विसरणं हाही माणसाचा हक्क आहे.

त्याच दिवशी तुम्ही आजोबांचं सांगितलंत. घरात काशिराम, शाळेच्या जुन्या रजिस्टरात मात्र मास्तरांनी लिहिलेलं 'काश्या', आणि पुढे जात. "ते पान अजून आहे, साळवीबाई. व्यवस्थित बांधून ठेवलंय. ठेवणाऱ्याला तो वारसा वाटतो. ज्याला लिहिलंय त्याला कुणी विचारलं नाही." मी गप्प बसायला हवं होतं, पण मी गप्प बसणाऱ्यातली असते तर आपलं जमलंच नसतं. मी म्हटलं, मग मुलीच्या जात पडताळणीला तेच पान शोधत शाळेत कोण गेलं होतं?  तुम्ही खाडीकडे बघत म्हणालात, "मी गेलो होतो. हात जोडून मागून आणलं. म्हणून तर सांगतो."  

तर त्या दिवशी तुम्ही नाही म्हणालात आणि कारणही दिलंत. टेप एकट्या बाईची नसते. एकीची पोर काढायला गेलं की त्या दिवसापर्यंतच्या सगळ्या रोग्यांच्या फायली उघड्या पडतात. कुणाची कसली तपासणी, कुणाला कसला आजार. त्यांना कुणी विचारायचं? तुमचं बोलणं बिनतोड होतं. मी वाद घातला नाही, फक्त तो पांढरा कागद तुमच्या टेबलावर ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं. तुम्ही तो उचलून खिडकीकडे धरलात. खूप वेळ धरून ठेवलात, जणू कुठल्या तरी कोनातून काहीतरी दिसेल. मग विचारलंत, "कुठलं साल?" मी साल सांगितलं. "गणपतीच्या आसपास म्हणालात?" मी हो म्हटलं. तुम्ही उठलात, किल्ल्यांचा जुडगा काढलात आणि सर्व्हरच्या खोलीतल्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलंत. त्या कपाटात जुन्या वायरी असतात अशी माझी समजूत होती. वरच्या खणात वायरीच होत्या. खालच्या खणात माझ्या दसऱ्याच्या टेपा होत्या.

सकपाळ, तुम्ही हे मला इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत.

दसऱ्याला तुम्ही रजेवर असायचात. आमचा दसरा, तुमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरा सदरा घालून सहकुटुंब विहारात जायचात. हॉस्पिटलला काही सुट्टी नसते, आणि दसऱ्याच्या आठवड्याच्या मोठ्या नकलेची टेप घालायचं काम त्या दिवशी माझ्याकडे यायचं. पहिल्या वर्षी मी आपली रीतीप्रमाणे सगळ्या यंत्रांची पूजा केली. ऑपरेशन थिएटरपासून लिफ्टपर्यंत सगळीकडे झेंडू लागलेला, मग आपलंच खातं कोरडं का? सर्व्हरला हार, टेप ज्यात घालतात त्या ड्राइव्हला आपट्याचं पान, आणि टेप आत घालायच्या आधी तिला बोटानं हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती टेप बाहेर काढलीत आणि मला हाक मारलीत.

"काय ओ साळवीबाई, माझी टेप बाटवलीत?"

मी पांढरीफटक पडले. तुमच्या तोंडी तो शब्द, आणि माझ्यामुळे! तेवढ्यात तुम्ही असे गडगडून हसलात की सिस्टर डोकावून गेल्या. मग मात्र कडक आवाजात सांगितलंत की कुंकवाची धूळ ड्राइव्हच्या हेडवर गेली तर बारा वाजतील, ही टेप आता फिरत्या टेपांत घ्यायची नाही. ती दोन बोटांत धरून घेऊन गेलात. पुढच्या वर्षी मी पुन्हा लावलं. मुद्दाम नव्हे हो. दसऱ्याला हातात घेतलेल्या वस्तूला कुंकू न लावता कामाला जुंपायची, हे माझ्या हातून होईना. तुम्ही पुन्हा कपाळाला हात लावलात आणि पुन्हा ती टेप बाजूला काढलीत. असं दर वर्षी, टेपांची पद्धत जाऊन दुसरी येईपर्यंत. मला वाटायचं, माझ्या पूजेच्या टेपा तुम्ही सगळ्यात आधी त्या चुंबकाच्या यंत्रात घालत असाल.

आणि इथे त्या सगळ्या होत्या. प्रत्येक वेगळ्या पिशवीत, वर तुमच्या अक्षरात साल. बाईंच्या सालचीही होती; गणपतीतली सोनोग्राफी त्या दसऱ्याच्या मोठ्या नकलेत असणारच. मी विचारलं, "ह्या का पुसल्या नाहीत?" तुम्ही म्हणालात, "कुंकू होतं म्हणून बाजूला टाकल्या, राहून गेल्या." राहून गेल्या! तुमच्या हातून? मुदतीच्या दिवशी ताप असला तरी येऊन टेप पुसणारे तुम्ही. मला माहीत होतं तुम्ही खोटं बोलताय, आणि तुम्हाला माहीत होतं की मला ते माहीत आहे. दुसऱ्यानं पुजलेली वस्तू पुसायची नाही, हे तुम्ही माझ्यासाठी सांभाळलंत का? ज्या पूजेवर तुमचा काडीचा विश्वास नव्हता तिच्यासाठी तुमचा नेम तुम्ही मोडलात, तो कुणाच्या मानानं? तेव्हा विचारायला हवं होतं. वाटलं, विचारू सावकाश.

तुम्ही अधीक्षकांकडे रीतसर अर्ज केलात. त्यात दोन अटी स्वतःहून घातल्यात: या एका केस नंबरखेरीज काहीही उघडायचं नाही, आणि काम झालं की कपाटातल्या सगळ्या टेपा नष्ट करायच्या. पहिली अट मला मान्य होती. दुसरीवर मी म्हटलं, आज वनिताबाई आल्या, उद्या आणखी कुणी आली तर? तुम्ही म्हणालात, "ते नंतर बघू." आपल्या वादातलं ते तुमचं शेवटचं वाक्य. तुम्ही कधी वाद 'नंतर'वर टाकणारे नव्हतात. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुम्ही थकलायत.

तुमच्या किडन्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं. आठवड्यातून तीनदा आपल्याच वॉर्डात डायलिसिस, आणि उरलेले दिवस कामावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. रत्नागिरीत राहून शहाळं बंद, आंबा बंद. माझ्या डब्यातल्या सोलकढीकडे बघत तुम्ही म्हणायचात, "कोकणी माणसाला जिवंत ठेवायचा आणि जगू द्यायचा नाही, असा हा आजार आहे." हे तुम्ही हसत सांगायचात, म्हणून आम्हीही हसायचो.

जुन्या टेपा नव्या ड्राइव्हला कळत नाहीत. जुना ड्राइव्ह गोडाऊनमधून शोधून काढलात, त्याला फडक्यानं पुसलंत, माझ्याकडून टेपेवरचं सुकलेलं कुंकू कापसाच्या बोळ्यानं कण न कण काढून घेतलंत. टेप आत घातली. आतून करकर आवाज झाला आणि मशिननं ती बाहेर टाकली.  मला वाटलं, माझ्याच कुंकवानं त्या पोरीला मारलं. तुम्ही ड्राइव्हला कान लावून ऐकलंत आणि म्हणालात, "कुंकू नव्हे, दमट आहे. इतके पावसाळे खाल्लेत तिनं. सुकू दे." मी म्हटलं, तांदळाच्या डब्यात ठेवू का? त्यावर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी तांदळाचा विषयच सोडला. मग औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या त्या बारक्या पुड्या असतात, त्या मी आपल्या मेडिकलमधून जमवल्या आणि टेप त्यांच्यासोबत हवाबंद डब्यात ठेवली.

ती सुकेपर्यंत तुम्ही भरती झालात. मी रोज दुपारी तुमच्या बेडपाशी यायचे. हाताला नळ्या, आवाज खोल गेलेला, पण सूचना चालूच. "घाई नको. आधी नुसती फिरवून घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाचायला लावू नका. लाल खिट्टी सरकवलीत का? ती सरकवल्याशिवाय आत घालायची नाही, नाहीतर तिच्यावर लिहिलं जाईल." मी म्हटलं, दहादा सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "उंटावरून शेळ्या हाकतोय मी. हाकू द्या." बेडशेजारी वहिनी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "हास्पिटलात पण हपिस सोडत नाय माणूस." आणि तुम्ही त्यांचा हात थोपटलात. तुम्हाला तसं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या रविवारी सकाळी तुमच्या मुलीचा फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या गावी आम्ही सगळे आलो होतो. त्रिशरण म्हणताना मी तुमच्या लोकांबरोबर हात जोडून उभी राहिले. शब्द मला येत नव्हते, तुमची मुलगी शेजारी उभी राहून हळू म्हणत होती, तिच्या मागोमाग म्हटले.

शोकसभेनंतर मी टेप काढली. खोलीत मी एकटी. खिट्टी पाहिली, पुन्हा पाहिली. टेप आत घातली आणि नुसती फिरवून घेतली, तुम्ही सांगितलंत तशी. करकर झाली नाही. मग ती पहिल्यापासून वाचायला लावली, कारण तिची यादी कधीच गेली होती, ती पुन्हा तयार व्हायला हवी होती. पडद्यावर ओळी पडायला लागल्या. नावं, नंबर, तपासण्या, एकाखाली एक, थांबतच नव्हत्या. आणि त्यांत एक नाव माझ्या ओळखीचं निघालं. माझ्या शेजारच्या घरातलं. त्या नावापुढे कसली तपासणी होती ते मी वाचलं. वाचायचं नव्हतं, पण वाचलं गेलं. आता त्या बाई कुंपणावरून कढीलिंब मागतात तेव्हा मला त्यांच्याकडे सरळ बघवत नाही. तुम्ही भाट्याच्या पुलावर ओरडून जे सांगत होतात ते मला त्या दुपारी कळलं. मी पडदा भिंतीकडे फिरवला आणि यादी पूर्ण होईपर्यंत बाहेर जिन्यात बसून राहिले.

मग केस नंबर घातला. चार चित्रं आली. तीन धुरकट. चौथ्यात ती होती. एका कुशीवर, कपाळ, नाक, हनुवटी स्वच्छ, मूठ तोंडापाशी.

सकपाळ, मी उठले आणि तुम्हाला सांगायला निघाले. खरंच निघाले. जिना उतरून, औषधांच्या खिडकीवरून, डायलिसिसच्या वॉर्डात तुमच्या बेडपर्यंत गेले. तिथे एक आजोबा झोपले होते आणि त्यांचा नातेवाईक सफरचंद सोलत होता. त्यानं विचारलं, "कोण पायजे?" मी काही नाही म्हणून परत फिरले. जिन्यात येऊन मी रडले, शोकसभेत रडले नव्हते तशी.

तुमच्याशिवाय काम झालं, याचा मला आनंद व्हायला हवा होता ना? मला तुमचा राग आला. शिकवून ठेवलंत आणि गेलात.

वनिताबाईंना फोन केला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. या वेळी नवी साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर. मी चित्र चांगल्या जाड कागदावर मोठं छापून घेतलं होतं, पुन्हा उडून जाणार नाही असं. त्यांनी ते हातात घेतलं आणि बाकावर बसल्या. मी शेजारी बसले.  कागदावर बोट ठेवून त्या नाकावरून, हनुवटीवरून खाली मुठीपर्यंत गेल्या.

"नाक आमच्या आयचा हाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "गोरी आसल नाय?"

मी हो म्हटलं. मला काय माहीत? पण मी हो म्हटलं.

डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आता ही तुमच्याकडं बी हाय काय?"

मला वाटलं, पुन्हा हरवेल अशी भीती वाटतेय. मी त्यांना धीर देत म्हटलं, हो, टेपेवर आहे, तुम्ही काळजी करू नका, आम्ही जपून ठेवू. तुमच्या दुसऱ्या अटीचं काय करायचं ते माझं ठरलेलं नव्हतंच. मनातून मी ती टाळत होते.

"नको बाय," वनिताबाई म्हणाल्या. "पुसा ती."

"का?"

"येवडी वर्सं पोर हितं हास्पिटलात ऱ्हायली. आता मी तिला घरी न्हेतंय. मग तिचा हितं काय काम?" त्यांनी माझा हात धरला. "आय पोराला घरी न्हेते तवा अर्दी खाटंवर ठेवून जाते काय? तिला डिस्चार्ज द्या, बाय. मी बसतंय हितं. तो झाला की मगच निगतंय."

मी आत गेले. कॉम्प्युटरवर उतरलेली यादी आणि चित्रं आधी पुसली. वनिताबाईंची टेप चुंबकाच्या यंत्रात ठेवली आणि बटण दाबलं. एवढ्यानं होतं, तुम्हाला माहीतच आहे. मग कपाट उघडलं आणि बाकीच्याही काढल्या, एकेका पिशवीतून, तुमच्या अक्षरातल्या एकेका सालातून. माझ्या शेजारणीची नोंद वनिताबाईंच्याच टेपेवर होती, ती सुटली होती. उरलेल्यांनाही एकामागून एक सोडलं. प्रत्येक टेप आत ठेवताना मी हात जोडत होते. कुणाला जोडत होते विचाराल तर मला सांगता येणार नाही.

बाहेर येऊन मी वनिताबाईंना सांगितलं, "झालं." त्यांनी चित्र प्लास्टिकच्या घडीत घातलं, घडी छातीशी धरली आणि पिशवीतून मोबाइल काढला. इतकी वर्षं आपण ठेवायचं की पुसायचं यावर भांडलो, सकपाळ. कुणी न्यायला येईल, हे ना तुम्हाला सुचलं ना मला. फोन लागला. बाई लेकीशी मोठ्यानं बोलत दरवाजाकडे चालू लागल्या, सगळ्या बाह्यरुग्ण विभागाला ऐकू जाईल असं.

"सुमे, दारात भाकरतुकडा ओवालायला तयार ठेव. आमी दोगी येताव."